आयटीआय की डिग्री? शिक्षण कुठे कामाला येतं आणि कुठे अपुरं पडतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाला दहावीला ५८ टक्के, त्याला आयटीआयला फिटर ट्रेड घ्यायचाय, मिस्टर म्हणतात काहीही कर पण डिग्री कर, आणि जाऊबाईंचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर होऊन दोन वर्षं झाली तरी बाईकवर पार्सल पोचवतोय, म्हणून शेवटी तुम्ही लिहिलंय की शिकून होतंय तरी काय. ते वाक्य तुम्ही वैतागून लिहिलं असणार, पण मला तोच खरा प्रश्न वाटला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. जमलं तर मिस्टरांनाही वाचून दाखवा.

मी फिटर, म्हणजे मशीनचे भाग घासून-जुळवून बसवणारा. १९८५ ला आयटीआय झालो, अप्रेंटिसशिप केली म्हणजे कंपनीत कामावर राहून शिकलो, आठ वर्षं एका कंपनीत मेंटेनन्सला काढली आणि मग रिटायर होईपर्यंत मुंबईतच आयटीआयला इन्स्ट्रक्टर होतो. शेकडो पोरं हाताखालून गेली, काही आज स्वतःची वर्कशॉप चालवतात, काही परदेशात आहेत, आणि काही पाच-पाच वर्षं काँट्रॅक्टवरच अडकली, त्यांचेही फोन येतात. तेव्हा सगळं गोड गोड सांगणार नाही.

आधी घरचं सांगतो, कारण शिक्षणाबद्दल जे काही मला कळलं ते वर्कशॉपात नंतर, चाळीत आधी कळलं. वडील लालबागला कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे विणायच्या मागावर होते, बावीस वर्षं. गावी चौथीपर्यंत शाळा, मग मुंबई, सुरुवातीला बदली कामगार, मग पर्मनंट. चार साचे एका वेळी बघायचे. त्या खात्यात एवढा खडखडाट असायचा की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागे, आणि त्या आवाजात त्यांना धोट्याचा, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याचा, आवाज जरा बदललेला कळायचा, धागा तुटायच्या आधी हात तिकडे गेलेला असायचा. कापडावरून नुसता अंगठा फिरवून सांगायचे की कुठे काय चुकलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, भोंगा बंद झाला. मी चाळीच्या गॅलरीत अभ्यास करायचो आणि वडील बाजूला बसून नुसते बघायचे, एवढी माणसं घरात आहेत आणि एवढी शांतता, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना परत कामावर बोलावणं आलंच नाही. एवढी विद्या हातात, पण ती त्या एका साच्याला बांधलेली. शेवटी दादरला एका सोसायटीत नाईट वॉचमन लागले, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरात लिहायचे.

आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर एक काका होते, टेक्सटाईलचा डिप्लोमा केलेले, त्याच मिलमध्ये असिस्टंट. त्यांचीही नोकरी गेली. पण सहा महिन्यांत ते सुरतला लागले, पुढे तिथे बिनधोट्याचे नवे लूम आले तेही शिकले, कारण मशीनबरोबर येणारं पुस्तक त्यांना वाचता यायचं, त्यातली आकृती समजायची, गिअर बदलला तर इंचाला किती धागे बसतील याचा हिशेब कागदावर करता यायचा. कापड मात्र माझ्या वडिलांना त्यांच्यापेक्षा जास्त कळायचं, हे ते काका स्वतः गणपतीला आले की सगळ्यांसमोर सांगायचे. आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही, काकांचा मेव्हणा आधीच सुरतला होता, त्याने शब्द टाकला म्हणून ते दारातून आत गेले. डिप्लोमावाले दुसरेही होते चाळीत, त्यांना मेव्हणा नव्हता, ते वर्षभर फिरले.

माझं निम्मं उत्तर इथेच आहे ताई. हाताला जे येतं ते त्या कामापुरतं येतं, काम गेलं की माणूस रिकामा होतो, आणि पुढचं काम शिकायची ताकद लिहिता-वाचता-मोजता येण्यातून येते. ओळखपाळख, गाठीला पैसा, राहायला जागा, हे मात्र कुठली शाळा देत नाही, आणि हे नसलेल्या पोराला तोच कागद उशिरा फळतो. शिकला की सगळं होईल असं जे सांगतात ते या पोरांना फसवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वर्कशॉपचं सांगतो. आयटीआयला आल्यावर पोरांच्या हातात पहिली येते ती कानस. बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, माइल्ड स्टीलचा तुकडा बांधायचा आणि तो कानशीने सपाट करायचा, बस. फळ्यावर मी दोन मिनिटांत सांगायचो की कानस पुढे ढकलायला लागताना जोर टोकाकडच्या हातावर, मध्यावर आल्यावर दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी मुठीकडच्या हातावर. पोरं वहीत लिहून घ्यायची, लेखी परीक्षेत बरोब्बर उत्तर लिहायची आणि व्हाइससमोर उभी राहिली की सगळ्यांचा तुकडा मधे फुगीर आणि दोन्ही कडांना उतरलेला. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा ट्यूबलाईटसमोर धरायचा, गुण्याचं पातं टेकलेलं दिसतं पण खालून उजेडाची रेघ येते, केसाहूनही बारीक फट असते पण डोळ्याला दिसते. की परत व्हाइसला. आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे, तळहाताला फोड येतात, ते फुटतात, तिथे घट्टे पडतात, आणि मग एक दिवस गुण्या लावला की रेघ नाही. त्या पोराला विचारा आज काय वेगळं केलंस, तर त्याला सांगता येत नाही. हाताला कळलेलं असतं, तोंडाला कळलेलं नसतं.

दहावीला ८० च्या वर टक्के घेऊन आलेला एक मुलगा तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर रडला होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी समोर आलं होतं जे रात्री जागून पाठ करून येत नव्हतं. आणि दोनदा नापास होऊन आलेल्या पोराचा तुकडा दहा दिवसांत सपाट. शाळेत त्याला कधी कोणी शाबासकी दिली नसणार, मी तो तुकडा सगळ्या बॅचला फिरवून दाखवला तर तो खालीच बघत राहिला. ५८ टक्क्यांवरून तुमच्या मुलाबद्दल काय कळतं, तर परीक्षेच्या त्या काही दिवसांत, दोन-तीन तासांत, त्याने किती लिहिलं एवढंच. त्याच्या हातात काय आहे हे अजून कोणी मोजलेलंच नाही.

पण म्हणून नुसता हात पुरतो असं धरून चालू नका, मी स्वतः त्या समजुतीत चार वर्षं घालवली.

कंपनीत आमचे एक उस्ताद होते, शाळेत न गेलेले, पन्नाशी उलटलेली, पंपाच्या केसिंगला लांब स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला टेकवायचे आणि कुठलं बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी, जातंय ते सांगायचे, कधी चुकले नाहीत. आता बेअरिंगचं भोक शाफ्टपेक्षा, म्हणजे त्या दांड्यापेक्षा, किंचित लहान ठेवलेलं असतं म्हणजे ते घट्ट बसतं, चढवताना ते गरम करून फुगवावं लागतं. उस्ताद गॅसची टॉर्च सरळ बेअरिंगवर धरायचे, निळसर झाक येईपर्यंत, आणि मग ते लोण्यासारखं आत जायचं. फक्त एवढंच, की ते बेअरिंग तीन-चार महिन्यांत आवाज करायला लागायचं. उस्ताद म्हणायचे माल खराब येतोय, स्टोअरवाल्याशी भांडायचे, आणि आम्ही सगळे त्यांचीच बाजू घ्यायचो.

मला रात्री बसून जुनं पुस्तक काढल्यावर कळलं. स्टीलचा फुगण्याचा आकडा साधारण ०.००००१२ आहे, दर अंशाला. भोक ८० मिलीमीटरचं, मुंबईचं तापमान ३० धरा, ११० पर्यंत नेलं की वाढ ८० अंश. ८० गुणिले ८० गुणिले ०.००००१२, म्हणजे ०.०७७ मिलीमीटरच्या आसपास भोक मोठं होणार, आणि आम्हाला लागत होते जेमतेम ०.०४. म्हणजे ११० अंशांत काम आरामात होतं. आणि साधारण १२० च्या वर नेलं की बेअरिंगच्या स्टीलचा कडकपणा आणि माप दोन्ही बिघडायला लागतं. ती निळी झाक दिसते ती जवळजवळ ३०० अंशांना. आम्ही इतकी वर्षं नवीकोरी बेअरिंग स्वतःच्या हाताने मारून बसवत होतो.

उस्तादांना हे सांगायचं कसं, माझं वय तेव्हा पंचवीस. काही बोललो नाही, एका डब्यात तेल घेतलं, त्यात थर्मामीटर सोडला, बेअरिंग तळाला टेकणार नाही असं जाळीवर ठेवून ११० ला आणलं आणि त्यांच्यासमोर चढवलं. ते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून म्हणाले, तो आकडा लिहून दे. आकडे त्यांना वाचता यायचे. तो कागद त्यांनी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आणि त्यानंतर आमच्या शॉपमध्ये कोणी बेअरिंगला टॉर्च लावली की ते ओरडायचे. मोबदल्यात त्यांनी मला डायल, म्हणजे काट्याचं मापक, नसताना दोन कपलिंगमधला, म्हणजे दांडे जोडणाऱ्या तुकड्यांमधला, तिरकेपणा नुसत्या बोटांनी कसा जाणवतो ते शिकवलं, त्याला मला वर्ष लागलं. अनुभवाने त्यांना गरम केलं की फुगतं एवढं शिकवलं होतं, किती गरम आणि कुठे थांबायचं हे अनुभवाला कळायला मार्गच नव्हता, कारण बेअरिंग बसवलं आज आणि मेलं चार महिन्यांनी, मधला दुवा डोळ्याला दिसत नाही. जे डोळ्याला दिसत नाही तिथेच पुस्तकाचा उपयोग होतो.

अजून एक सांगतो, मग तुमच्या मुलाकडे येतो. माझ्या एका बॅचला असाच मुलगा होता, घाटकोपरचा, दहावीला गणितात ३६. साइन, कॉस म्हटलं की मान खाली. दुसऱ्या वर्षी आम्ही साइन बार वापरतो, म्हणजे एक अचूक पट्टी, दोन टोकांना दोन रोलर, रोलरमधलं अंतर बरोबर २०० मिलीमीटर, एक रोलर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट लादीवर, आणि दुसऱ्याखाली स्लिप गेजची, म्हणजे अचूक जाडीच्या तुकड्यांची, थप्पी ठेवली की पट्टी हव्या त्या कोनात उभी राहते. त्याला २७ अंशाचा जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, दिला. साइन २७ टेबलात बघितलं, ०.४५३९९. गुणिले २०० केलं, ९०.७९८. आता ९०.७९८ ची थप्पी रचायची. त्याने पेटीतून एकेक स्लिप काढली, १.००८, मग १.२९, मग ८.५, मग ८०. पुसून एकमेकांवर सरकवल्या की त्या डिंकाशिवाय चिकटतात, एवढ्या सपाट असतात. थप्पी खाली ठेवली, जॉब पट्टीवर ठेवून वरून डायल फिरवला आणि काटा हलला नाही. तो मला म्हणाला, सर, हे दहावीतलंच आहे ना? मी म्हटलं हो. तर म्हणाला, मग तेव्हा का नाही सांगितलं कोणी.

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून काटकोन काढतो, हे कुठल्याही बांधकामावर रोज दिसतं, तोच पायथागोरस आपण फळ्यावर शिकवतो आणि पोरांना सांगत नाही की हे तुझ्या काकाचं रोजचं काम आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी होतीच, पण मुलांना शिकवायचं काय हेही सांगितलं होतं, मोडी आणि बालबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे. अक्षर आणि हातातलं काम एकाच शाळेत. आपण नंतर दोघांच्या मधे भिंत बांधली, एका बाजूला हुशार पोरं आणि दुसऱ्या बाजूला आयटीआयची पोरं, आणि त्या भिंतीचा तोटा दोन्ही बाजूंच्या पोरांना झाला.

तुमच्या पुतण्याचं दुःख त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूचं आहे. त्याला विचारा, चार वर्षांत लेथला, म्हणजे तुकडा फिरवून कापायच्या मशीनला, स्वतःच्या हाताने किती वेळा जॉब लावला. बऱ्याच कॉलेजात दहा-बारा पोरं एका मशीनभोवती उभी राहून बघतात आणि जर्नल एकमेकांचं उतरवतात. त्याला नावं ठेवू नका, तो शिकलाय ते फुकट गेलेलं नाही, ते हातापर्यंत पोचलेलं नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे पण पुढे त्यात पदवीवाले आणि डिप्लोमावालेही आले, वर्षभराची अप्रेंटिसशिप आणि स्टायपेंड. सायनला बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं ऑफिस आहे, त्याला सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायला सांगा आणि पास होऊन फार वर्षं व्हायच्या आत सांगा. पार्सलच्या कामात कमीपणा काही नाही, पण त्या कामात दोन वर्षांनी हातात नवीन काही जमा होत नाही.

मिस्टरांचा डिग्रीचा हट्ट मला कळतो. माझे वडीलही तेच म्हणायचे. ज्याने नंबर लिहीत रात्री काढल्या त्याला पोराच्या नावापुढे काहीतरी असावंसं वाटतं, लग्नाच्या वेळी, सोसायटीत, बँकेत त्याने फरक पडतो, हे खोटं नाही. पण डिग्रीचा दरवाजा आयटीआयने बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. माझी काही पोरं या वाटेने गेली. फार तर एखादं वर्ष जास्त लागतं, फक्त हे पोरगं इंजिनिअर होतं तेव्हा त्याला कानस धरता येते.

आयटीआयचीही कमी बाजू सांगतो. बऱ्याच ठिकाणी मशीन जुनी आहेत, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, हात बसायला वेळ कमी मिळतो. काही कंपन्या अप्रेंटिसला वर्षभर स्वस्तातला हेल्पर म्हणून वापरतात आणि वर्ष संपलं की दुसरी बॅच घेतात. पवई, भांडुप, कुर्ला इथल्या कितीतरी कंपन्या गेल्या आणि त्या जागी टॉवर उभे राहिले, त्यामुळे कामाला तळोजा, अंबरनाथ किंवा थेट चाकणपर्यंत जायची तयारी ठेवावी लागते. रेल्वेची परळ-माटुंग्याची वर्कशॉप, माझगाव डॉक इथली अप्रेंटिसशिप चांगली, पण तिथे जागांच्या मानाने अर्ज फार.

आणि इंग्रजी. मराठी मीडियमच्या पोराला मशीन कळतं, मॅन्युअल कळत नाही, आणि रात्री तीन वाजता सीएनसीच्या स्क्रीनवर अलार्म येतो तो इंग्रजीतच येतो. मी पोरांना इंग्रजी बोलायचा क्लास लावायला कधीच सांगितलं नाही, मी त्यांच्याकडून वही करून घ्यायचो, रोज मॅन्युअलमधले पाच शब्द, टॉर्क, क्लिअरन्स, ओव्हरट्रॅव्हल, बॅकलॅश, शेजारी मराठीत अर्थ आणि तो भाग मशीनवर कुठे आहे त्याची आकृती. वर्षभरात हजारभर शब्द होतात आणि तेवढ्यावर कुठलंही मॅन्युअल वाचता येतं.

तर करायचं काय. फॉर्म भरायच्या आधी मुलाला घेऊन जवळच्या सरकारी आयटीआयला दुपारी जा, वर्कशॉप चालू असताना जा, परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी आत जाऊ देतात. फिटर सेक्शनला त्याला अर्धा तास उभं राहू द्या आणि तुम्ही लांब थांबा. आवाज, तेलाचा वास, उभं राहून काम, हे बघून त्याचा चेहरा काय सांगतो ते तुम्हाला आई म्हणून लगेच कळेल. प्रवेश ऑनलाईन असतो, सरकारी आयटीआयचे पर्याय वर टाका, तिथे फी फार कमी असते, खाजगीत जायचं तर मशीन चालू आहेत का ते डोळ्याने बघून मगच पैसे भरा. फिटर नाही मिळाला तर मशिनिस्ट, टर्नर चालेल.

प्रवेश झाला की सेफ्टी शूज चांगले घ्या, त्यात पैसे वाचवू नका. पहिले तीन आठवडे हात दुखतात म्हणेल, संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवायला द्या आणि सोडून दे असं कोणी म्हणू नका. आणि त्याची दहावीची पुस्तकं तुम्ही अजून रद्दीत दिली नसतील तर गणिताचं दुसरं पुस्तक, भूमितीचं, बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या वर्षी लागेल.